गाडी उचलली, घोडी कुठाय?

आमच्या घरी गाडी आली ती चाऱ्याच्या ट्रकमधून. दुष्काळाचं वर्ष होतं. ऊस नाही म्हणून सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं, आणि त्याच कारखान्याच्या मोकळ्या माळावर जनावरांची छावणी उघडलेली. कोल्हापूरकडून उसाच्या वाढ्यांनी भरलेले ट्रक छावणीत यायचे. अशाच एका ट्रकात, वाढ्यांच्या मधोमध, लाल रंगाची, बिनछपराची, जेमतेम दोन माणसांची स्पोर्ट्स कार बसून आली. छावणीतली जनावरं वाढे बघून हंबरली, माणसं गाडी बघून.

गाडी आमच्या सरांची. सर म्हणजे माझे यजमान. केजच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, म्हणून गाव त्यांना सर म्हणे आणि गावाचं ऐकून मीही म्हणू लागले. त्यांचा वसतिगृहातला मित्र परदेशी निघाला होता. गाडी विकायला त्याचा जीव होईना, ठेवायला जागा होईना, तेव्हा त्याला आख्ख्या महाराष्ट्रात एकच माणूस आठवला जो नाही म्हणणार नाही. तो माणूस माझ्या नशिबी होता.

ट्रकवरून गाडी उतरवायची कशी म्हणून सर फळी, दोर आणि उतार यांचा विचार करत होते, तोवर छावणीतल्या गड्यांनी तिला चारी बाजूंनी धरून खाली ठेवलीसुद्धा. तिचं अंग फायबरचं, इंजिन एवढंसं.

"आरं, ही तर म्हशीपरीस हलकी हाय!" कुणीतरी ओरडलं.

हे वाक्य संध्याकाळपर्यंत युसूफ वडगावच्या बाजारात पोचलं. पुढचा सगळा घोळ या एका वाक्यातून झाला, म्हणून ते सांगून ठेवते.

गाडीला बघायला रीघ लागली. दोनच माणसं बसतात म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, "मंग बाकीच्यानी काय पळत यायचं?" दुसऱ्या एकाने तिची उंची पाहून विचारलं, "सर, भुईला टेकूनच जायचं तर गाडी कशाला? घसरत जावं की!" एकजण लिंबू-मिरची घेऊन आला. सरांनी त्याला हात जोडून परत पाठवलं. माझ्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात लिंबू फक्त सरबतात जातं; आणि त्या वर्षी सरबताला पाणी तरी कुठे होतं? गाडीसुद्धा धुतली जात नसे. सर तिला कोरड्या फडक्याने पुसायचे, आणि ज्या मायेने पुसायचे ती बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरं सांगायचं तर सरांना त्या गाडीत एकच काम करायचं होतं. माझं माहेर धारूरचा घाट उतरून पलीकडे. लग्न झाल्यावर ते मला तिथून घेऊन आले ते एस.टी.तून, उभ्याने, माझी पत्र्याची पेटी डोक्यावर धरून. घाटाच्या प्रत्येक वळणाला पेटी एकदा त्यांच्या कानाला लागे, एकदा माझ्या. तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, "एक दिवस तुला या घाटातून आपल्या गाडीतून नेईन." लग्नाच्या दिवशी माणूस काय काय बोलतो, ते मी कधीच सोडून दिलं होतं. त्यांनी सोडलं नव्हतं. गाडी आल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या बाजूचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बस."

"मी नाही बसणार," मी म्हणाले. "बाया टँकरसमोर घागरी घेऊन उभ्या आहेत आणि चेअरमनबाई लाल गाडीतून माहेरी निघाल्या? आणि हिचे ब्रेक?"

ब्रेकचं नाव काढल्यावर सरांनी उघडलेलं दार हळूच लावलं. गाडी थांबायची, पण तिच्या मर्जीने. ब्रेक दाबला की एक पुढचं चाक धरायचं, दुसरं धरायचं नाही, आणि गाडी बांधाकडे वळायची. असल्या गाडीतून घाट उतरायचा म्हणजे माहेराच्या आधी वेगळ्याच ठिकाणी पोचायचं.

"ब्रेक नीट झाले तर बसशील?"

"झाले तर बघू," मी म्हणाले. सरांनी 'बघू' गाळून बाकीचं ऐकलं.

मी चेअरमन होते ती गावच्या महिला सहकारी दूध संस्थेची. जागा राखीव निघाली, आमच्या समाजातली बाई हवी होती, आणि सरांची बायको शिकलेली आहे, सांगितलं तिथे सही करेल, असा लोकांचा हिशेब होता. तो हिशेब चुकला हे त्यांना पहिल्या महिन्यात कळलं. दूध गोळा करायची जागा आमच्याच घराची पुढची खोली. आमच्या ओट्यावर दूध घालायला सुरुवातीला काही घरांना जड गेलं होतं. मग दुष्काळ आला, संस्थेमार्फत पेंड मिळू लागली, आणि जडपण आपोआप हलकं झालं. दुधाचे कॅन ठेवायला संस्थेने आमच्या अंगणात सिमेंटचा कोबा करून घेतला होता. आळीत तेवढीच एक सपाट आणि टणक जागा.

सरांना कोब्याचं महत्त्व पटलं ते एका फजितीनंतर. चाक काढायचं म्हणून त्यांनी आधी मागच्या अंगणात जॅक लावला. आमची माती काळी. पाऊस नसला की तिला अशा भेगा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत जाऊन बसेल. सर जॅक फिरवत होते, घाम गाळत होते, आणि गाडी होती तिथेच. मी जवळ जाऊन पाहिलं तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली चालला होता.

"सर, विहीर खोदताय का?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी मला फिजिक्स शिकवलं. हलकी गाडी उचलायला सोपी वाटते, पण हलकी म्हणूनच ती जास्त धोक्याची. जरा धक्का लागला की जॅकवरून सरकते. जमीन सपाट आणि कडक पाहिजे. जॅकखाली फळी पाहिजे. जॅक नेमका खालच्या लोखंडी सांगाड्यालाच लागला पाहिजे. फायबरला लावला तर पापडातून बोट आरपार जावं तसा सीटमधून वर येईल. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट घोडीची. घोडी म्हणजे तिवईसारखा लोखंडी टेकू. सरांनी केजच्या वेल्डरकडून दोन करून आणल्या होत्या. "जॅक उचलण्यासाठी असतो," सर म्हणाले, "धरून ठेवण्यासाठी नसतो. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही." हे ते इतक्यांदा म्हणाले की मला पाढ्यासारखं पाठ झालं.

कोबा संस्थेचा, म्हणजे परवानगी संस्थेची. सर नियमाचे पक्के. घरात माझ्याशी बोलून भागलं असतं, पण त्यांनी संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय ठेवायला लावला.

आता आमच्या मीटिंगबद्दल सांगायलाच हवं. संचालक सगळ्या बाया, पण त्यांचे यजमान, दीर, सासरे दाराशी उभे. मी विषय वाचायला तोंड उघडलं की दारातून आवाज यायचा, "मंजूर!" एकाने म्हटलं की दुसरा, दुसऱ्याने म्हटलं की सगळे. विषय काय आहे, काम कोण करणार, केव्हा करणार, कुणी विचारायचं नाही. 'मंजूर' म्हणणाऱ्याला वाटे, मी म्हणालो, माझं काम झालं. आता जो करणार आहे तो करेल. जो करणार आहे तो कोण, हे प्रत्येकाच्या मते दुसराच कुणीतरी असे. पेंडीच्या पोत्यांवर ताडपत्री टाकायचं तीन मीटिंगांत मंजूर झालं होतं, आणि ताडपत्री अजून घडी घातलेलीच होती. पाऊसच नव्हता म्हणून निभावलं.

एकदा मी चिडून, अगदी शांत आवाजात वाचलं, "विषय चौथा. अध्यक्षबाईंना विहिरीत ढकलून देणे."

"मंजूर!" दारातून आलं. सगळ्यांत मोठा आवाज माजी सरपंचांचा. त्यांना माजी म्हटलेलं खपत नसे, म्हणून सगळे त्यांना सरपंचच म्हणत. त्यांची बायको माझी उपाध्यक्ष. ती मात्र पदर तोंडाला लावून हसून हसून वाकली होती.

"सरपंच, विहिरीला पाणी नाही," मी म्हणाले.

"मंग टँकर मागवू की," ते म्हणाले. त्यांनी तेही ऐकलं नव्हतं.

तर कोब्यावर गाडी दुरुस्त करायला परवानगी देण्याचा विषय मी संपूर्ण वाचायच्या आत मंजूर झाला. आणि मंजूर करणारे सगळे दुरुस्तीच्या दिवशी बघायलाही आले.

सकाळचं दूध गोळा होऊन गेलं होतं. त्या दिवसांत कॅन अर्धेसुद्धा भरत नसत, त्यामुळे सगळ्यांना वेळच वेळ. सरांनी गाडी कोब्यावर आणली. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. हँडब्रेक ओढला. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे ढिले केले. गाडी इतकी बुटकी की जॅक तिच्या खाली जाईना. मग सगळं सोडून पुढची चाकं आधी फळ्यांवर चढवली आणि दगड, हँडब्रेक पुन्हा लावले. प्रत्येक गोष्टीनंतर सर थांबायचे, वाकून बघायचे, डोकं हलवायचे. मी खोलीत कॅन पुसत होते आणि दारातून हे सगळं दिसत होतं. मनात म्हटलं, हा माणूस माझ्या एका 'बघू'साठी किती राबतोय.

पण लोकांचा धीर सुटत चालला होता. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचं म्हणजे चार जण येतात, "हां!" म्हणून कणा उचलतात, गाडीवाला खाली टेकू सारतो, चाक निघतं, वंगण लागतं, तंबाखू मळून होईपर्यंत काम खलास. इथे सर एकेक नट मोजून बघत होते.

"सर, कावून एवढा कुटाना?" सरपंच म्हणाले. "म्हशीपरीस हलकी हाय म्हनं. उचलून धरतो की आमी!"

"तसं नसतं, सरपंच. ती घसरते."

"आवो, एवढी मान्सं आस्ताना घसरंल कशी? छावनीत गेलतो तवा बघितलं न्हाई का, कशी उतरवली? धरा बे!"

सर काही म्हणायच्या आत धरली. पुढून धरली, बाजूंनी धरली, आणि गाडीचं नाक वर गेलं. सरांचा जॅक फळीवर तसाच राहिला, एखाद्या पाहुण्याला जेवायला बसवून पान वाढायचं विसरावं तसा. सर दोन क्षण गोंधळले. मग त्यांनाही वाटलं असावं, वर गेलीच आहे तर काम करून घेऊ. ते ओरडले, "घोड्या लावा! सांगाड्याखाली!"

"लावली!" एकजण म्हणाला.

"लावली, लावली!" दुसरे म्हणाले.

"लावली की!" सरपंचांचा आवाज सगळ्यांच्या वर.

सरांनी पोतं अंथरलं, पान्हा घेतला, आणि पाठीवर पडून सरकत गाडीखाली गेले. छातीपर्यंत आत, जिथे गाडी चाकांवर असताना जॅकसुद्धा मावत नव्हता.

"सोडा आता हळूहळू," कुणीतरी म्हणालं.

माझ्या हातात कॅनचं झाकण होतं. तो आवाज मी ओळखला. तो 'लावली' म्हणायचा आवाज नव्हताच, तो 'मंजूर' म्हणायचा आवाज होता. तसाच एकामागून एक, तसाच बिनघोर, कुणीही कुणाकडे न बघता. माझ्या हातून झाकण पडलं आणि मी धावले.

"सोडू नका! धरा! कुणीही सोडू नका!"

मी असं ओरडले की टँकरच्या रांगेतल्या बाया धावत आल्या, असं नंतर कळलं. मी वाकून गाडीखाली पाहिलं. खाली सर होते, आणि दुसरं काही नव्हतं. एक घोडी भिंतीपाशी, तिच्यावर कुणीतरी उपरणं टाकलेलं. दुसरी दिसेना. मी मान वर केली, तर दुसऱ्या घोडीवर सरपंच बसले होते. मस्त मांड ठोकून, गुडघ्यांवर हात ठेवून, बसायला स्टूल दिलंय अशा थाटात.

मी सरांचे दोन्ही पाय धरले आणि पोत्यासकट त्यांना बाहेर ओढलं. ते "अगं, अगं, काय झालं?" म्हणत होते. मी नुसतं सरपंचांच्या बुडाकडे बोट केलं.

सरपंचांनी खाली पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. ते असे उठले जसं काही घोडी तापलेली आहे. "आर्र," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. गाडी धरून उभे असलेले एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं तू लावली. मला वाटलं ह्यानं. कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी मिळून म्हटलं होतं, म्हणून कुणीच लावली नव्हती.

मला राग आला. असा राग मला त्याआधी आला नव्हता आणि नंतरही नाही. मला रडू येत होतं ते कुणाला दिसू नये म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडत होते. "कुणी तोंड उघडायचं नाही! धरून उभं राहायचं! हात भरून आले तरी धरायचं!" ते उभे राहिले. शाळेतली पोरं उभी राहतात तसे.

मी जमिनीवर बसले. सरांनी नेमकी जागा दाखवली, मी एक घोडी लावली, मग दुसरी. स्वतः हात लावून पाहिलं. मग मीच म्हणाले, "आता हळू सोडा." गाडी घोड्यांवर टेकली. सर लगेच खाली जायला निघाले, तर मी त्यांना दंडाला धरून थांबवलं.

"आधी ढकला," मी लोकांना म्हणाले. "बाजूनं ढकला. पडायची तर आत्ता पडू दे."

त्यांनी ढकलली. हलली, पण जागची सुटली नाही. मी पुन्हा वाकून दोन्ही घोड्या पाहिल्या.

सर हळूच म्हणाले, "बघितलं?"

"बघितलं," मी म्हणाले. "जा."

मग ते आत गेले. काम होईपर्यंत मी त्यांच्या पायांशी बसून राहिले. संस्थेचे कॅन तसेच पडले होते, पडू दे म्हटलं. सरपंच तिथेच उभे होते. त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही आणि ते बसलेही नाहीत. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "चेअरमनबाई, लई मोठी चूक झाली." मी म्हणाले, "झाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून पुढचं बोलायचं ठरवलेलं मी गिळलं. मनात पुष्कळ होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी विषय वाचला आणि दारातून सवयीने आवाज आला, "मंजूर!" तशी माझी उपाध्यक्ष, सरपंचांची बायको, वळून त्यांना म्हणाली, "काय मंजूर? आदी वाचू तर द्या. घोडी कुठाय ते बघा, मंग बोला." सगळ्या बाया हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा विषय शेवटपर्यंत ऐकला गेला, आणि ताडपत्री कोण टाकणार त्या बाईचं नावही ठरलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री पोत्यांवर होती.

आणि मी माहेरी गेले. गाडीतूनच. सरांनी आता काही विचारलं नव्हतं, दारही उघडून धरलं नव्हतं. निघायच्या सकाळी सगळ्या चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून ते हात पुसत उभे होते. मीच जाऊन आत बसले. बसताना इतकं खाली जावं लागलं की उठायचं कसं ही चिंता तिथेच सुरू झाली. टँकरच्या रांगेपाशी मी मान खाली घातली, पण बायांनी मला सोडलं नाही. "चेअरमनबाई, येताना माहेरचं ताक आना घागरभर!" एकजण ओरडली, आणि रांगच्या रांग हसली. इतके दिवस मी ज्याची धास्ती घेतली होती ते एवढंच निघालं.

केज मागे पडलं, धारूर मागे पडलं. किल्ल्याच्या पुढे रस्ता खाली वाकतो, तिथे सरांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. समोर सगळा घाट, वाळलेल्या गवताचे डोंगर, आणि खाली कुठेतरी माझं माहेर. सरांनी हँडब्रेक ओढला आणि पायाने ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला. जो माणूस महिनाभर घोडी, फळी आणि सांगाडा मला शिकवत होता, त्याच्या कपाळावर घाम होता. मला एकदम कळलं की ते स्वतः बसलेत म्हणून घाबरलेले नव्हते. मी बसलेय म्हणून घाबरलेले होते.

समोरच बघत त्यांनी विचारलं, "बघितलं?"

मी बघितलं होतं. पहाटे ते अंघोळीला गेले तेव्हा मी कोब्यावर जाऊन चारी चाकांचे नट हाताने चाचपले होते, आणि आदल्या दिवशी आळीच्या रस्त्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला तेव्हा गाडी सरळ थांबते की बांधाकडे वळते, हे मी फाटकात उभी राहून बघत होते. त्यांना हे माहीत नव्हतं.

"बघितलं," मी म्हणाले. "चला."

सरांनी गाडी सोडली. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, आणि गाडी दोन्ही चाकांनी सरळ, शहाण्यासारखी हळू झाली. ते माझ्याकडे बघून हसले, आणि मी त्यांना समोर बघायला सांगितलं. माहेरच्या वेशीपर्यंत मी डोंगराकडे बघत, गप्पा मारत, अगदी निवांत बसले होते. फक्त डावा हात दाराच्या काठावर होता आणि उजवा हँडब्रेकवर.